भाकरीतला आरएनए आणि रिकामी नळी : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

विषय ठरला. एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीचं शेवटचं सत्र, मुक्काम सोलापूर. फॉर्मवर लिहिलेलं नाव : 'ज्वारीतील मायक्रोआरएनए भाजल्यावर व पचनाच्या टप्प्यांत किती टिकतो'.

विषयाचं मूळ मात्र आमच्या गिरणीत आहे. अशोक चौकाच्या मागं आमची पिठाची गिरणी, वरच्या मजल्यावर घर. गेल्या महिन्यात गल्लीतल्या एक काकू दळण टाकायला आल्या आणि डबा ठेवायच्या आधी त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. व्हिडिओत एक माणूस ठासून सांगत होता, की धान्यातले आरएनए पोटात जाऊन आपल्या जीन्सचा ताबा घेतात. काकू म्हणाल्या, "तू हेच शिकतीस की गं. खरं हाय का? ज्वारी खावी का सोडावी, सांग की." काकूंना शुगर आहे. डॉक्टरांनीच त्यांना भाताऐवजी भाकरी खायला सांगितली आहे. मला पटकन उत्तर देता आलं नाही आणि ते मनाला लागलं. रात्री प्रकल्पाच्या गाईड मॅडमना मेसेज केला.

मैत्रीण जोडीला आहे. ती हॉस्टेलवर राहते, मी घरून येते. हे इथं लिहून ठेवते.

९ जानेवारी

तीन दिवस वाचन. स्वतःला समजावून घेण्यासाठी थोडक्यात लिहिते.

मायक्रोआरएनए म्हणजे साधारण बावीस अक्षरांचा (साखळीतला एकेक घटक म्हणजे एक अक्षर) आरएनएचा तुकडा. वनस्पतीत बहुतेक एकवीस अक्षरी. त्यातून प्रथिन बनत नाही. तो दुसऱ्या संदेशवाहक आरएनएला, म्हणजे डीएनएचा निरोप नेणाऱ्या आरएनएला, जाऊन चिकटतो आणि त्याचं काम थांबवतो. डीएनए जागच्या जागी, जसाच्या तसा राहतो. फक्त त्याचा निरोप पोचत नाही. असा पहिला तुकडा, लिन-४, १९९३ साली एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत सापडला. त्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४चं नोबेल मिळालं.

आपल्या प्रश्नाची सुरुवात २०११ची. नानजिंग विद्यापीठातल्या चेन-यू झांग यांच्या गटानं 'सेल रिसर्च'मध्ये मांडलं, की चिनी लोकांच्या रक्तद्रवात तांदळाचा एमआयआर१६८ए नावाचा मायक्रोआरएनए सापडतो. पुढं त्यांनी दाखवलं, की उंदरांना तांदूळ खाऊ घातला की तो यकृतात पोचतो आणि एलडीएलआरएपी१ या जीनच्या निरोपाला अडवतो. हे प्रथिन रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल ओढून घ्यायला मदत करतं. ते कमी झालं, एलडीएल वाढलं. म्हणजे घास खाल्ला तांदळाचा आणि बटण दाबलं गेलं यकृतातलं. जगभर खळबळ झाली ती यामुळं.

मी लगेच मिरबेस या मायक्रोआरएनएच्या डेटाबेसमध्ये ज्वारीचा एमआयआर१६८ काढला. यूसीजी सीयूयू जीजीयू जीसीए जीएयू सीजीजी जीएसी. एकवीस अक्षरं. तांदळाच्या शेजारी ठेवून एकेक अक्षर बोट लावून ताडलं. एकाही अक्षराचा फरक नाही. नानजिंगच्या उंदरांनी भातातून जे खाल्लं, तेच अक्षर न अक्षर आमच्या गल्लीतले लोक रोज भाकरीतून खातात. अंगावर काटा आला.

१० जानेवारी

मॅडमकडं बैठक. माझा पहिला आराखडा असा होता : दहा मैत्रिणींना आठवडाभर ज्वारी द्यायची, आधी-नंतर रक्त घ्यायचं आणि एमआयआर१६८ शोधायचा. मॅडमनी कागद उलटा ठेवला. "माणसाचं रक्त म्हणजे नैतिक समितीची परवानगी. ती यायच्या आत तुमचं सत्र संपेल. आणि रक्तात सापडला तर तो पोटातून आला हे कशावरून सांगशील?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

आता कक्षा छोटी केली. धान्य, पीठ, भाकरी, कडक भाकरी, हुरडा. यांत किती सापडतो आणि परीक्षानळीतल्या कृत्रिम पचनात किती टिकतो. बास.

१७ जानेवारी

गड्ड्याची यात्रा, संक्रांत, सुट्ट्या. काम शून्य. प्रायमरची, म्हणजे हवा तो तुकडा नेमका पकडणाऱ्या छोट्या डीएनए-तुकड्यांची, ऑर्डर गेली.

२१ जानेवारी

नमुने आले. आजीच्या गावाकडून, मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन आहे. ही रब्बीची ज्वारी, पाऊस संपल्यावर पेरायची आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढवायची. ताटं अजून हिरवी आहेत, काढणीला महिना तरी आहे. म्हणून धान्य गेल्या सुगीचं आणि हुरडा यंदाचा.

हुरड्यासाठी स्वतः रानात गेले. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं खुपसली, मामानं ती तळहातावर चोळून दाणे काढले. निम्मी कणसं कच्चीच बर्फाच्या डब्यात घेतली, निम्म्यांचे भाजलेले दाणे. डब्यावर तारीख, वेळ, आगटीत किती मिनिटं, सगळं लिहिलं. मामा म्हणाला, "खायाचं सोडून बर्फात घालतीस व्हय." दोन कणसं शेंगाच्या चटणीबरोबर खाल्लीच.

२९ जानेवारी

ज्वारीतून आरएनए काढणं म्हणजे खळीतून सुई काढणं. दाण्याचा बहुतांश भाग पिष्ट. ट्रायझॉल हे आरएनए काढायचं द्रावण घातलं की नळीत चिकट गोळा होतो आणि पिपेटची टिप बंद पडते. तीन दिवस हाच गोळा. शेवटी सीटॅब बफर आणि पीव्हीपी वापरून पिष्ट आणि रंगद्रव्यं बाजूला काढली, मग लिथियम क्लोराइड घालून आरएनए रात्रभर खाली बसवला. सकाळी जेलवर दोन पट्टे असे स्वच्छ दिसले, की मी फोटो काढून मॅडमना पाठवला.

४ फेब्रुवारी

तो फोटो चुकीच्या गोष्टीचा होता.

आरटी-पीसीआर (आरएनएचा डीएनए करून त्याच्या प्रती वाढवत मोजायची पद्धत) लावला, एमआयआर१६८ जवळजवळ नाहीच. दिवसभर प्रायमरला दोष दिला. संध्याकाळी मॅडमनी एकच विचारलं : "लिथियम क्लोराइडनंतर वरचं पाणी काय केलंस?" ओतून दिलं होतं. लिथियम क्लोराइडनं लांब आरएनए छान बसतो, पण एकवीस अक्षरांचे चिमुकले तुकडे वरच्या पाण्यातच तरंगत राहतात. मी पाहिलेले दोन पट्टे रायबोसोमच्या लांबलचक आरएनएचे होते. ज्यासाठी हा सगळा उद्योग, तेच सिंकमध्ये गेलं. सहा नमुने वाया, त्यात हुरड्याचे दोन. हुरडा परत मिळेल, पण त्याच ताटाचा नाही. फार वाईट वाटलं.

दुरुस्ती : लिथियम क्लोराइड बंद. जास्त अल्कोहोल, उणे वीस अंशांवर रात्रभर, सेंट्रिफ्यूज जास्त वेळ.

१३ फेब्रुवारी

आज दोन गोष्टी घडल्या, एक आनंदाची आणि एक काळजीची.

आधी पद्धत. एकवीस अक्षरांना साधा प्रायमर बसवायला जागाच नसते. म्हणून केसपिनेसारखा दुमडलेला प्रायमर त्या तुकड्याच्या शेवटच्या सहा अक्षरांना अडकवायचा, त्याची लांबी वाढवायची आणि मग नेहमीचा पीसीआर. यंत्र चाळीस चक्रं फिरतं, दर चक्राला माल दुप्पट. कितव्या चक्राला रेषा उंबरठा ओलांडते तो आकडा म्हणजे सीटी. आकडा जितका लहान तितका माल जास्त. दहा चक्रांचा फरक म्हणजे हजारपटीचा फरक.

मालदांडीचं धान्य : सीटी १९. तिन्ही नळ्यांत. मैत्रिणीनं माझा हात घट्ट धरला.

मग शेवटची नळी बघितली. रिकामी. म्हणजे ब्लँक : त्यात ज्वारी नाही, फक्त पाणी, पण बाकी सगळ्या पायऱ्या नमुन्यासारख्याच, खलात घोटण्यापासून. ती चाळीस चक्रं गप्प राहायला हवी. तिची रेषा ३१व्या चक्राला वर आली.

पाण्यात ज्वारी.

१४ फेब्रुवारी

मैत्रीण म्हणते, एकोणीस आणि एकतीसमध्ये बारा चक्रं आहेत, चार हजारपट. धान्याच्या आकड्याला त्यानं काय फरक पडतो? बरोबर आहे. धान्याला काहीच फरक पडत नाही.

पण मला रात्री झोप आली नाही ती दुसऱ्याच विचारानं. समजा माझा पहिला आराखडा मंजूर झाला असता. मैत्रिणींचं रक्त घेतलं असतं. रक्तात वनस्पतीचा मायक्रोआरएनए असला तरी अगदी नखभर, म्हणजे रेषा तिशीच्या पुढंच येणार. आली असती ३१व्या चक्राला. आणि मी आनंदानं लिहून टाकलं असतं, 'सोलापूरच्या तरुणींच्या रक्तात ज्वारीचा एमआयआर१६८ सापडला'. त्या रक्तात असेल-नसेल तेवढा माल माझ्या रिकाम्या नळीत आधीच होता.

हे शोधल्याशिवाय पुढचा एकही नमुना लावायचा नाही.

१७ फेब्रुवारी

शोध सुरू. एकेका पायरीवर वेगळा ब्लँक लावला.

पीसीआर मिश्रणात नुसतं पाणी : शांत. दुमडलेल्या प्रायमरच्या पायरीवर पाणी : शांत. म्हणजे रसायनं आणि पाणी दोन्ही चांगली. सुरुवातीपासून, खलापासून केलेला ब्लँक : सीटी ३१, ३२. घाण घोटण्याच्या टप्प्यात शिरते. खल बदलला, नवा कोरा आणला, भट्टीत तापवून घेतला. तरी ३१.

१९ फेब्रुवारी

मैत्रीण वैतागून म्हणाली, आज मी एकटी करते, तू बाहेर बस. तिनं सुरुवातीपासून एकटीनं ब्लँक केला. चाळीस चक्रं. काही नाही.

मग मी एकटीनं केला. तोच खल, तेच पाणी, तीच खोली. सीटी ३०.

२० फेब्रुवारी

आज यंत्राजवळ गेले नाही. २०११ नंतर या वादात काय काय झालं ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आधी वाचलं होतं तेव्हा ते भांडण वाटलं होतं. आज वेगळं दिसलं.

२०१३ साली 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'त दुसऱ्या गटानं उंदरांना तांदूळ खाऊ घालून पाहिला. यकृतात एमआयआर१६८ए म्हणावा असा सापडला नाही. एलडीएल वाढलं ते नुसत्या तांदळावर ठेवल्यानं आहार असमतोल झाला म्हणून. आहार समतोल केल्यावर फरक गेला. त्यातले काही संशोधक मोन्सँटो या बियाणं कंपनीचे होते, त्यामुळं त्यांच्या हेतूवर प्रश्न आले आणि नानजिंगच्या गटानंही उत्तर दिलं. पण त्याच वर्षी वेगळ्या प्रयोगशाळांतूनही तसंच आलं. फळं खाल्लेल्या खेळाडूंच्या रक्तात त्या फळांतले नेहमीचे मायक्रोआरएनए दखल घ्यावी इतके मिळाले नाहीत. माकडांना वनस्पतींचं पेय पाजून पाहिलं, तर आकडे इतके क्षीण आणि एकमेकांशी न जुळणारे, की त्यांवर काही उभं करता येईना.

आणि मग २०१७चा अभ्यास. माणसाच्या ऊती आणि द्रवांचे आठशेहून जास्त डेटासंच चाळून काढले. परके मायक्रोआरएनए होते, पण थोडे. अन्नाशी संबंध येणाऱ्या अवयवांत ते जास्त असायला हवेत, तसं काही दिसलं नाही. बरेचसे तर उंदरांच्या कुळातले निघाले. उंदीर माणसाच्या ताटात नसतो, प्रयोगशाळेत मात्र असतो. लेखकांचा निष्कर्ष : बहुतेक सगळं मिसळीतून आलेलं, म्हणजे नमुन्यात बाहेरून शिरलेलं.

हे वाक्य मी महिन्यापूर्वी अधोरेखित केलं होतं. तेव्हा मिसळ हा शब्द माहीत होता. आता ती ३१व्या चक्राला वर चढताना डोळ्यांनी पाहिली आहे.

२५ फेब्रुवारी

सापडलं.

सकाळी सहाला उठले तेव्हा खाली गिरणी सुरू झाली होती. अप्पांनी काल दगडाला टाकी लावली होती, त्यामुळं आज पीठ बारीक उतरत होतं आणि धूळ जास्त. वर आले तेव्हा त्यांच्या भुवया, कानाची पाळी, टोपीची कड सगळं पांढरं. वीस वर्षं रोज बघतेय. आज दारातच थांबून बघत राहिले. मग गच्चीवर गेले, दोरीवरचा माझा ॲप्रन काढायला. प्रयोगशाळेचा ॲप्रन मी दर शनिवारी घरी आणते, आई धुते, गच्चीवर वाळत घालते. खाली गिरणी.

ॲप्रन धुतलेला, कडक, पांढरा. बाहीची शेवटची शिवण उन्हाकडं धरून नखानं उकलली. टाक्यांच्या मधोमध रांगोळीच्या रेघेसारखी बारीक, किंचित पिवळसर रेघ. बोटावर घेतली. पीठ.

विभागात जाऊन ओल्या निर्जंतुक बोळ्यानं ती शिवण पुसली आणि बोळा नमुना म्हणून लावला. सीटी २६. केसांवरून फिरवलेला बोळा : २८. मैत्रिणीच्या बाहीचा : शांत.

घोटताना माझी बाही खलाच्या काठावर टेकते. दर वेळी. इतकं साधं होतं ते.

मॅडमना सांगताना घसा दाटून आला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बोळ्याचा आकडा वहीत लिहिलास का?" लिहिला होता. "मग चांगलं काम केलंस आज."

आणखी एक गोष्ट यातून कळली आणि ती महत्त्वाची आहे. आमचा प्रायमर ज्वारी आणि तांदूळ वेगळे ओळखू शकत नाही, कारण अक्षरं तीच. मक्याचीही तीच. म्हणजे ही धूळ गिरणीचीच असायला हवी असंही नाही. भात शिजणाऱ्या कुठल्याही घरातून, मेसमधून, डब्यातून ती येऊ शकते. भात-भाकरी-मका खाणाऱ्या देशांतल्या प्रयोगशाळांत हा एकच तुकडा पुन्हा पुन्हा 'सापडतो', त्यामागं हेही कारण असेल असं मला आता वाटतं.

४ मार्च

नवे नियम, भिंतीवर चिकटवले. ॲप्रन घरी जाणार नाही. विभागातच धुवायचा, बंद पिशवीत ठेवायचा. केस पूर्ण झाकायचे. कोपरापर्यंत हातमोजे, बाहीच्या वरून. घोटण्याची खोली वेगळी, पीसीआरची वेगळी, आणि एकदा घोटायला गेलेली व्यक्ती त्या दिवशी पीसीआरच्या खोलीत जाणार नाही. डबा व्हरांड्यात खायचा. प्रयोगशाळेतल्या मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःहून पुसायचं फडकंही वेगळं केलं.

सकाळी गिरणीत अप्पांना हात लावायचं सोडलं आहे. थेट नळाखाली, मग कॉलेज. अप्पा काही बोलले नाहीत, पण दळणाचा मोठा डबा आता त्यांना एकट्यानं उचलावा लागतो. मला ते दिसतं.

ब्लँक, माझ्या हातचा : चाळीस चक्रं, काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, काही नाही. तिसऱ्यांदाही.

११ मार्च

आता खरं काम. सगळे नमुने वजन करून, सारखा आरएनए घालून.

धान्य १९. ताजं पीठ २०. भाकरी २२ ते २३. कडक भाकरी २४. कच्चा हुरडा १८, आगटीतला २०.

भाकरीचा आकडा बघून सुरुवातीला विश्वास बसला नाही. तवा इतका तापलेला असतो की पाण्याचा थेंब टाकला तर नाचतो. पण भाकरीच्या आत पाणी असेपर्यंत तिथलं तापमान शंभराच्या आसपासच राहतं. ती फुगते तीच आतल्या वाफेनं. वर पापुद्रा भाजतो, आत तुकडे बऱ्यापैकी शाबूत. कडक भाकरी मात्र पूर्ण वाळेपर्यंत तव्याच्या कडेला उभी राहते, म्हणून तिथं घट जास्त असावी. नमुन्याच्या भाकऱ्या आईनंच थापल्या, विभागाच्या हीटरवर, विभागाच्या तव्यावर, डोक्याला टोपी घालून. "किती वेळ भाजू?" तिनं विचारलं. मी म्हणाले, घरी भाजतेस तेवढीच. तिनं घड्याळाकडं बघितलंही नाही. दहाच्या दहा भाकऱ्या वेळेत तीन-चार सेकंदांच्या फरकानं सारख्या.

वनस्पतीच्या मायक्रोआरएनएच्या शेवटच्या अक्षरावर मिथाइलचं एक टोपण असतं. हेन१ नावाचं विकर (एन्झाइम) ते बसवतं. माणसाच्या मायक्रोआरएनएला ते नसतं. त्या टोपणामुळं शेवटाकडून कुरतडणाऱ्या विकरांना तो तुकडा लवकर दाद देत नाही. टिकाऊपणात त्याचा वाटा असणार.

२० मार्च

कृत्रिम पचन. भाकरीचा चुरा, सदतीस अंश. आधी पेप्सिन आणि आम्ल, एक तास. मग आम्ल उदासीन करून पॅनक्रिएटिन, दोन तास. स्वादुपिंडाच्या या अर्कात आरएनए तोडणारी विकरंही असतात, म्हणून खरी परीक्षा इथं.

तुलनेसाठी नळीत एक बाहेरचा तुकडाही घातला : कृमीचा एमआयआर-३९, प्रयोगशाळेत बनवलेला. तो ज्वारीत नाही, माणसात नाही, त्यामुळं तो कुठं हरवला हे नेमकं कळतं.

आम्लात दोघंही बऱ्यापैकी टिकले. पॅनक्रिएटिन घातल्यावर कृमीचा उघडा तुकडा पहिल्या दहा मिनिटांत संपला. ज्वारीचा एमआयआर१६८ दोन तासांनी सहा चक्रं मागं गेला, म्हणजे साठ-सत्तर भागांतला एक भाग उरला. पण उरला. एकाच नळीत, एकाच विकरापुढं, एक तुकडा नाहीसा होतो आणि दुसरा थोडा का होईना राहतो. मिथाइलचं टोपण, भोवती चिकटलेली प्रथिनं, पेशीभित्तिकेच्या न फुटलेल्या चुऱ्यात अडकून राहणं, यातलं नेमकं कोण वाचवतं हे वेगळं काढायला अजून एक सत्र लागेल. तिन्ही ब्लँक स्वच्छ.

२८ मार्च

प्रबंधाचं चर्चेचं प्रकरण लिहितेय. मॅडमनी बजावलं आहे, की मिसळ सापडली म्हणून सगळाच विषय खोटा ठरवू नकोस. त्यांचं बरोबर आहे, आणि वाचताना मलाही ते जाणवत गेलं.

अमरवेलीचं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं. पिवळ्या दोऱ्यांसारखी ही वेल दुसऱ्या झाडाच्या अंगात शोषकं खुपसून जगते. तिच्या एका जातीवरचं काम २०१८ साली 'नेचर'मध्ये आलं : ती यजमान झाडात आपले मायक्रोआरएनए सोडते आणि त्याचे निरोप कापते. कापसाचं झाडही त्याच्यावर येणाऱ्या व्हर्टिसिलियम बुरशीत आपले मायक्रोआरएनए धाडतं, हे २०१६चं. म्हणजे एका जीवाचा आरएनए दुसऱ्या जीवात जाऊन काम करतो, यात शंका नाही.

आल्याचं तर स्वयंपाकघरातलंच. २०१८ साली दाखवलं गेलं, की आल्यातल्या अतिसूक्ष्म पिशव्यांमधले आरएनए आतड्यातले लॅक्टोबॅसिलस जिवाणू उचलतात, त्यांचा एक जीन दबतो, आणि उंदरांमध्ये आतड्याचा दाह कमी होतो. इथं माणसाच्या पेशीत शिरायची गरजच नाही; मधल्या जिवाणूवर काम होतं. मला हा रस्ता जास्त पटतो, कारण आमच्याच नळीत दोन तासांनी जे उरलं ते आतड्यात जिवाणूंसमोर असतं, रक्तात नव्हे.

नानजिंगच्या गटानंही काम थांबवलेलं नाही. हनीसकल या वेलीच्या काढ्यातला एमआयआर२९११ उकळूनही टिकतो आणि उंदरांमध्ये इन्फ्लुएंझाच्या विषाणूला अडवतो, हे त्यांचं २०१५चं. उंदराच्या जठरातलं एसआयडीटी१ हे प्रथिन आम्लाच्या मदतीनं असे तुकडे आत घेतं, हे त्यानंतरचं. कृमींमध्ये याचंच भावंड असलेलं प्रथिन आरएनए आत ओढतं, हे जुनं ज्ञान आहे, त्यामुळं कल्पना हवेतली नाही.

पण आत शिरणं निराळं आणि परिणाम होणं निराळं. मायक्रोआरएनएचा दाब जाणवायला एका पेशीत ढोबळमानानं शंभरेक प्रती तरी लागतात असं मानतात. यकृतात अशा अब्जावधी पेशी. भाकरीतून तेवढं पोचेल का, याचं गणित मी तीनदा मांडलं आणि तिन्ही वेळा फार तोकडं पडलं.

३ एप्रिल

काकू दळण घेऊन आल्या. आज मी स्वतः खाली गेले. विभागातलं घोटायचं काम संपलं आहे, आता पीठ लागलं तरी चालतं. त्यांचा डबा मीच उचलून ओतला.

मी म्हणाले, "काकू, तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर देते. ज्वारीत असे बारीक तुकडे आहेत. भाकरी भाजल्यावरही राहतात, पोटातही थोडे राहतात. पण ते तुमचे जीन बदलत नाहीत. जास्तीत जास्त एखादा निरोप थोपवतील, आणि तेवढे ते रक्तापर्यंत पोचतात असा भरवशाचा पुरावा माणसात नाही. भात खाल्ला तरी हेच तुकडे पोटात जातात, अक्षर न अक्षर तेच."

त्या थोडा वेळ गिरणीच्या पट्ट्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे डॉक्टर सांगतोय तसं भाकरी खाऊ." मी हो म्हणाले. "मग त्या मोबाइलवाल्याला सांग की कुणीतरी." व्हिडिओ त्यांनी माझ्यासमोर पुसून टाकला. निघताना विचारलं, "दळण जाड का बारीक आलंय आज?" अप्पांनी चिमटीत पीठ धरून दाखवलं.

११ एप्रिल

प्रबंधाची प्रत बांधायला गेली.

तक्त्यांवर मॅडमशी थोडा वाद झाला. त्यांचं म्हणणं, ब्लँक आणि बाहीचे आकडे शेवटी परिशिष्टात घालावेत, बाहेरचे परीक्षक पहिल्या पानापासून धास्तावतील. मी विनंती केली, की ते पहिल्या तक्त्यात, धान्याच्याही वर असू द्यावेत. जो वाचेल त्याला १९ हा आकडा दिसायच्या आधी रिकामी नळी दिसली पाहिजे. मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि पानावर सही केली.

तक्ता क्रमांक १. पहिली ओळ : रिकामी नळी, खलापासून, ४ मार्चनंतर. चाळीस चक्रं, काही नाही. दुसरी ओळ : रिकामी नळी, १३ फेब्रुवारी. ३१. तिसरी ओळ : ॲप्रनची बाही, उजवी, २५ फेब्रुवारी. २६.